बारकीचं परत येणं

माझ्या नणंदेला घरात सगळे बारकी म्हणतात. शेंडेफळ म्हणून बारकी, नाहीतर अंगापिंडानं ती माझ्या दीडपट आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणायला गेले, तर म्हणाली, "वहिनी, तू वन्सं म्हणालीस की मला वाटतं माझ्या मागे कुणीतरी म्हातारी उभी आहे." तेव्हापासून मीही बारकीच म्हणते.

ती कानांचं काम करते. ऑपरेशन करणारी डॉक्टर नव्हे. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं, कमी येत असेल तर मशीन बसवायचं, आणि बसवल्यावर ते कपाटात न ठेवता कानात ठेवायला त्याला राजी करायचं, असं ते काम. शेवटचं सगळ्यांत अवघड, असं ती म्हणते. माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. भाऊ डोळ्यांचा, बहीण कानांची, आणि तोंड चालवायला सून शाळामास्तरीण आहेच, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या.

बारकीला हे शिक्षण सुखासुखी मिळालं नाही. कोर्सचं दुसरं वर्ष चालू असताना सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. कोणी बोलावलं नव्हतं, पण ती बॅग भरून आली ती परत गेलीच नाही. चार वर्षं तिनं बापाचं सगळं केलं. कूस बदलणं, भरवणं, जिभेला वळण लागावं म्हणून तीच ती अक्षरं त्यांच्याकडून घोकून घेणं. सासरे गेले तेव्हा तिच्याबरोबरच्या मुली नोकऱ्यांना लागल्या होत्या, आणि ही पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर, आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान पोरांत. ती कॉलेजला निघाली त्या सकाळी सासूबाई मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "माझ्या दुखण्याखुपण्यापायी ही पोर परत एकदा माघारी यायची नाही. तू साक्षीला आहेस." मी मान डोलावली. अशा वेळी सून दुसरं करते तरी काय?

पुढे तिला परदेशात नोकरी लागली. मोठं इस्पितळ, आणि त्यात तळमजल्यावर कानांचा विभाग. तिथली भाषा ती इथूनच शिकून गेली होती, पण पुस्तकातली भाषा आणि माणसांच्या तोंडातली भाषा यांत जमीन-अस्मानाचा फरक. तपासणीत शब्दांची एक यादी वाचून दाखवायची असते आणि समोरच्यानं ते शब्द परत म्हणायचे असतात. बारकी वाचायची आणि म्हातारे कपाळाला आठ्या घालून बसायचे. एका निवृत्त वेल्डरनं तिला सरळ विचारलं होतं, "बाई, कान माझे खराब आहेत की उच्चार तुमचे?" तिनं त्यालाच रोज अर्धा तास यायला सांगितलं आणि त्याच्यासमोर एकेक शब्द गिरवला. वर्षभरात तिचे उच्चार इतके स्वच्छ झाले, की विभागातल्या तिथल्याच मुली यादी वाचायला तिला बोलवायच्या. वेल्डरला मात्र मरेपर्यंत वाटत होतं, की तिला नोकरी त्याच्यामुळे टिकवता आली. त्यात काही खोटं नव्हतं, असं बारकी म्हणते.

ती तिथे जाऊन सातेक वर्षं झाली तेव्हा आम्ही तिघं, म्हणजे सासूबाई, हे आणि मी, तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत तीन कुंड्या, दाराशी एकच चपलांचा जोड. घर कमालीचं नीटनेटकं होतं. भांडायला दुसरं माणूस असलं की घर असं राहत नाही. लग्नाचं तिनं कधी जमवलं नाही आणि आम्हीही एका वयानंतर विचारायचं सोडलं. शेजारी एक वयस्क वाद्यशिक्षक राहायचे, त्यांच्याकडे हिच्या घराची दुसरी किल्ली असायची. तिचा गोतावळा काय तो एवढाच.

तिनं आम्हाला कामाची जागाही दाखवली. तपासणीची खोली म्हणजे खोलीत खोली. भिंतींना जाड स्पंज, दार फ्रिजसारखं दाबून बंद होणारं. आत बसलं की स्वतःचा श्वासही मोठा वाटतो. सासूबाईंना हौस आली. त्यांनी कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण घेतलं आणि आवाज येताच दाबायच्या ऐवजी, येईल असं वाटलं की आधीच दाबू लागल्या. बारकी काचेपलीकडून हसून हसून बेजार. शेवटी नीट तपासणी झाली आणि कागदावर दोन रेघा उमटल्या, एक उजव्या कानाची, एक डाव्याची. "आई, तुझे कान माझ्यापेक्षा तरणे आहेत," ती म्हणाली आणि तो कागद तिनं आपल्या फाइलमध्ये ठेवून दिला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी सासूबाईंना ऐकू कमी येऊ लागलं. हे एका दिवसात होत नाही. आधी आम्हाला वाटलं लक्ष नसतं. मग वाटलं मुद्दाम करतात. मग टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांच्या घरात पोहोचला आणि आमच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दरम्यान बारकी सुट्टीवर येऊन गेली, तेव्हा सासूबाईंनी सर्दीचं निमित्त सांगून कानात कापूस घातला आणि वेळ मारून नेली. ती विमानात बसल्यावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "बारकीला यातलं अक्षर कळता कामा नये. तिचंच काम आहे हे. कळलं तर ती तिथे एक दिवस थांबायची नाही." ह्यांनी म्हणून पाहिलं, की अगं, मग इथेच कुणाला तरी दाखवू. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की इथे मशीन घेतलं तर फोटोत दिसेल, कुणी नातेवाईक बोलून जाईल. नकोच ते.

आम्ही ऐकलं. आता वाटतं, ऐकायला नको होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापुरती आणखी एक गोष्ट होती. नणंद लांब असली की तिच्यावर माया करायला सोपं जातं. ती कायमची आली तर घर कसं चालेल, स्वयंपाकघर कुणाचं, हेही मनात येऊन गेलं होतं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बारकीचा फोन रविवारी सकाळी यायचा. व्हिडिओ कॉल सासूबाईंनी बंद करून टाकला; "त्यात माझं तोंड सुकलेल्या लिंबासारखं दिसतं," म्हणायच्या. साध्या फोनचा स्पीकर लावून मी शेजारी बसायची. मांडीवर शाळेतून आणलेली पाटी. बारकी बोलेल ते मी भराभर पाटीवर लिहायची, सासूबाई वाचायच्या आणि उत्तर द्यायच्या. 'थंडी वाढली.' 'गुडघा कसा आहे.' 'शेजारचे मास्तर आजारी.' उत्तराला उशीर व्हायचा, पण इतक्या लांबच्या फोनमध्ये तेवढं होतंच, असं तिला वाटत असणार. लांबलचक बोलणं लिहून होत नसे, म्हणून मी त्याचं चार शब्दांत सार काढायची. तिनं पाच मिनिटं मन मोकळं करावं आणि पाटीवर उमटावं, 'कामाचा कंटाळा आलाय.' त्यावर सासूबाई म्हणणार, "कंटाळा करू नये." असं दोन वर्षं चाललं.

मग एका रविवारी ती म्हणाली, की तिला विभागप्रमुख करायचं म्हणतायत. पण तिच्या मनात वेगळंच घोळतंय. सोळा वर्षं झाली, मास्तर वारले, जिन्यात आता कुणाशी बोलणं होत नाही. दिवसभर लोकांच्या कानांत वाकून बघते आणि घरी आले की आवाज फक्त नळाचा. आई, मी परत येऊ का?

मी खडू हातात धरून बसून राहिले. क्षणभर वाटलं, दुसरंच काहीतरी लिहावं. पण सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी लिहिलं, 'परत येऊ का, विचारतेय.'

त्यांनी ते वाचलं आणि फोनकडे तोंड करून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "नको. काय ठेवलंय इथे?"

बारकीनं हवापाण्याचं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला. सासूबाई पदरानं पाटी पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

त्यानंतरचे फोन आटोपशीर होत गेले. कसे आहात, बरे आहोत, तू कशी आहेस, ठीक. आणि दोन महिन्यांनी बारकीनं कळवलं, की ती चार आठवड्यांच्या सुट्टीवर येतेय. प्रमुखपदाचं उत्तर तिनं परत गेल्यावर द्यायचं ठरलं होतं. नंतर तिनं मला सांगितलं, की ती आईला भेटायला आलीच नव्हती. आईला आपण नकोसे का झालो, ते बघायला आली होती.

ती आली त्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. सासूबाई समोरच्याच्या ओठांवरून बरंच ओळखायच्या, आणि त्या दिवशी त्यांनी लेकीच्या चेहऱ्यावरून नजर काढलीच नाही. बारकीला वाटलं, माया दाटून आली. मायाही होतीच. पण दुसऱ्या दिवशी मी बघितलं, की बारकी बोलायची थांबली आहे आणि नुसती बघते आहे. सगळे हसलो की सासूबाई एका श्वासानं उशिरा हसतात. कुकरची शिट्टी झाली की त्या माझ्याकडे बघतात आणि मी उठले की समजतात. दुपारी त्या ओट्याशी पाठमोऱ्या भाजी चिरत होत्या. बारकी दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, तुझ्या पदराला डाग पडलाय." सासूबाई चिरत राहिल्या. ती दोन पावलं पुढे आली, तेच म्हणाली. आणखी दोन पावलं. अगदी हाताच्या अंतरावर आली तेव्हा सासूबाई दचकून वळल्या आणि हसल्या, "कधीची उभी आहेस?"

बारकी बाहेर गेली. मी तिच्या मागे गेले तर ती फोनच्या तिवईशी उभी होती. तिवईमागे ठेवलेली पाटी तिच्या हातात होती. ती येणार म्हणून मी घर लख्ख केलं होतं, आणि नेमकी तीच पुसायची राहिली होती. शेवटच्या फोनमधलं तिचंच वाक्य माझ्या अक्षरात त्यावर होतं: 'शनिवारी पोचते. काही आणू का?'

"वहिनी, किती दिवस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पाटी दोन वर्षं. कान, चार-पाच."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "दर आठवड्याला पन्नास माणसं येतात माझ्याकडे. त्यांच्या घरच्यांना मी सांगते, लपवू नका, उशीर करू नका, कान झोपले की शब्दही झोपतात. आणि दर रविवारी माझ्या आईचा उशीर मला फोनचा उशीर वाटला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू लिहून घेत होतीस."

मी सासूबाईंनी घातलेली बंदी सांगितली, सासऱ्यांच्या आजारपणानंतरचं त्यांचं बोलणं सांगितलं. ते सांगताना मलाच ते तोकडं वाटलं. म्हणून दुसरी गोष्टही सांगून टाकली, जी मनात दडवली होती ती. म्हटलं, तू आलीस तर घर आपल्या दोघींना पुरेल का, याची मला भीती वाटायची. यावर ती पहिल्यांदा थोडीशी हसली. म्हणाली, "तुझा स्वयंपाक मला आवडत नाही, पण तो मला करायचाही नाही. तेवढी भीती काढून टाक." दोन दिवस मात्र ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि भावाशी तेवढंही नाही. ह्यांनी दुकानाला दोन दिवस लवकर कुलूप लावलं आणि घरात नुसतेच घुटमळत राहिले.

इथल्या इस्पितळात कान तपासायचं यंत्र असल्याचं ह्यांना माहीत होतं. बघायला गेलो तर ते जुन्या कागदपत्रांच्या खोलीत, गठ्ठ्यांखाली. चालवणारं माणूसच कधी मिळालं नव्हतं. तिथले मोठे डॉक्टर भले गृहस्थ. ते म्हणाले, तुम्हाला चालवता येत असेल तर चालवा, मला कुणी विचारलं तर मी बघतो. बारकीनं यंत्र पुसलं, दोरखंडासारख्या गुंतलेल्या वायरी सोडवल्या आणि त्याच खोलीत कागदांच्या गठ्ठ्यांच्या भिंती रचून त्यांच्या मधोमध खुर्ची टाकली. म्हणाली, कागद आवाज चांगला शोषतो. एवढ्या वर्षांत या फाइलींचा हा पहिला उपयोग.

सासूबाईंना तिथे न्यायचं म्हणजे लढाई होती. "मला आता काय ऐकायचं राहिलंय? जे ऐकायचं ते ऐकून झालं," हे त्यांचं पालुपद. बारकीनं वाद घातला नाही. नऊ वर्षांपूर्वीचा तो दोन रेघांचा कागद तिनं फाइलीतून बरोबर आणला होता. का आणला, ते तिलाही सांगता येईना. तो तिनं आईसमोर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, 'तू माझी पहिली पेशंट, जिनं चीटिंग केली.' सासूबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग उठून चप्पल घातली.

नव्या कागदावरच्या रेघा घसरगुंडीसारख्या खाली गेल्या होत्या. शब्दांच्या तपासणीसाठी आपल्या भाषेतली यादी तिथे नव्हती, ती आम्ही दोघींनी आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर केली होती. मला पहिलीतल्या मुलांचे शब्द पाठ आहेत आणि तिला कुठले आवाज आधी जातात ते ठाऊक. 'साखर', 'चाक', 'फणी', 'सुई'. ती तोंडापुढे कागद धरून वाचत होती, आणि सासूबाई 'सुई'ला 'उई' म्हणत होत्या, 'चाक'ला 'आग'. दहापैकी चार. बारकीनं ते आकडे नेहमीसारखे रकान्यात लिहिले. घरी आल्यावर मात्र न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडून ठेवला, तो खूप वेळ वाहत होता.

तिनं आम्हाला खरं काय ते सांगितलं. मशीननं आवाज परत येईल, शब्द सगळे परत येतील असं नाही. पाच वर्षांपूर्वी बसवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही, भांडणातसुद्धा नाही. हे तिचे उपकार मी मानते.

कानात गुलाबी पेस्ट भरून साचे घेतले, दहा दिवसांत मशिनं आली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती अर्धा तास ठेवली. भांडी आपटतात, कागद फाटल्यासारखे वाजतात, स्वतःचं चघळणं ऐकू येतं, आणि सून तर केवढ्यानं बोलते. काढून डब्यात. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं. बारकी रोज त्यांच्यासमोर बसून वर्तमानपत्राची एकेक ओळ वाचायची आणि त्यांनी ती परत म्हणायची. सासूबाईंना राग आला की बोट दाखवून म्हणायच्या, "तुझ्या बापाला छळलंस, आता मला छळ." आणि मग पुढची ओळ म्हणायच्या.

त्या गठ्ठ्यांच्या खोलीची बातमी फुटली. चार आठवड्यांची सुट्टी तिनं सहा आठवड्यांवर नेली आणि त्यात पाऊणशे माणसं तपासली. एक निवृत्त बसचालक आले. बायको म्हणे दगड आहेत, काही ऐकत नाहीत. बारकीनं कानात दिवा टाकून बघितलं आणि चिमट्यानं कापसाचा काळा बोळा ओढून काढला. कधी काळी घातलेला, विसरलेला. चार दिवसांनी ते गृहस्थ घड्याळजीकडे जाऊन तक्रार करून आले, की भिंतीवरचं घड्याळ बिघडलंय, सारखं टिकटिकतंय. पण सगळीच माणसं अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एक शिंपीणबाई आली होती, चाळिशीची. ऐकू येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून तिनं लोकांत जाणंच सोडलं होतं, आणि सासरच्यांनी तिला तिरसट ठरवलं होतं. तपासणी झाल्यावर तिनं बारकीला विचारलं, "म्हणजे माझा स्वभाव खराब नाही ना?"

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाई आणि बारकी गॅलरीत बसल्या होत्या. मी कपडे वाळत घालत होते. बारकी म्हणाली, "आई, मी परत यायचं ठरवलंय." सावकाश, समोर बघून म्हणाली. सासूबाईंना ते ऐकू गेलं.

"माझ्यासाठी?"

"थोडं तुझ्यासाठी."

"मग येऊ नकोस. मी आणखी किती? पाच वर्षं, सात वर्षं? त्यानंतर तू काय करणार? एकदा तुझी वर्षं आम्ही खाल्ली आहेत."

"तुम्ही नाही खाल्ली, मी दिली," बारकी म्हणाली. "आणि दिली हे बरं केलं. बाबांना अक्षरं घोकवताना कळलं मला, हे काम मला येतं. तू मला दर वेळी वाचवायला बघतेस, पण मला विचारत नाहीस."

सासूबाईंना हे ऐकू गेलं की नाही, ते मी ओळखू शकले नाही. त्या म्हणाल्या, "उन्हात बसलीयस, आत ये." आणि लेकीच्या डोक्यावर आपला पदर धरला.

बारकी गेली. प्रमुखपद तिनं नाकारलं. तिथलं आवरायला तिला वर्ष लागलं, कारण मनही आवरावं लागतं. ती आली तेव्हा इस्पितळात तिच्यासाठी जागा नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी वर तीनदा लिहिलं आणि वरून तीनदा 'तपासून कळवतो' असं उत्तर आलं. म्हणून दुकानामागची सामानाची खोली रिकामी करून ह्यांनी तिला दिली. स्पंज तिनं स्वतः शिडीवर चढून चिकटवला.

इथे गोष्ट संपली असती तर सांगायला सोपं झालं असतं. पण पहिले सहा महिने फार वाईट गेले. फुकटात इस्पितळात पाऊणशे माणसं आली होती, दुकानामागच्या खोलीत आठवड्याला चार यायची. लोक पुढे चष्मा हौसेनं निवडायचे आणि मागच्या दाराकडे बघायचेही नाहीत. चष्म्यानं माणूस शिकलेला दिसतो, मशीननं म्हातारा. नातेवाईक विचारायचे, तिकडे काही झालं का, काढून टाकलं का. एका दुपारी ती मागच्या पायरीवर बसलेली मला दिसली. मी जवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "वहिनी, तिथे मी परकी होते म्हणून एकटी होते. त्याला कारण होतं. इथे घरात असून तसंच वाटतं, तर कुणाला काय सांगू?" तिला तिथल्या रस्त्यांची शांतता आठवायची, सकाळी विभागाचं दार उघडताना मिळणारा मान आठवायचा, ती परकी भाषा आठवायची, जिच्यात ती वेगळी, जास्त धीट बाई होती. मी तिला सांगू शकले नाही, की तू आलीस ते बरोबरच केलंस. मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "शिंपीणबाईकडे जाऊ चल. मला ब्लाउज शिवायचाय."

त्या भेटीतून एक झालं. शिंपीणबाईनं आपल्या दुकानात येणाऱ्या बायकांना सांगायला सुरुवात केली. माप घेताना बाईच्या मागे उभं राहून ती हळूच काहीतरी विचारते, उत्तर आलं नाही की आमच्याकडे पाठवते. इतकी सोपी आणि इतकी पक्की चाळणी बारकीच्या विभागातही नव्हती. आता खोलीबाहेरचा बाक सहसा रिकामा नसतो. इस्पितळातल्या दोन परिचारिका दर मंगळवारी शिकायला येतात.

आणि तिच्या जुन्या विभागानं तिला सोडलं नाही. तिथली माणसं रजेवर जातात तेव्हा दर वर्षी दोन महिने ती जाते. पहिल्या वर्षी ती जायला निघाली, तेव्हा मला वाटलं होतं सासूबाई बिथरतील. त्या उलट तिच्या बॅगेत काय काय कोंबत होत्या. परत आल्यावर बारकी उजळलेली होती. मला म्हणाली, "तिथे गेले की आठवड्यात घरची आठवण येते, आणि इथे आले की महिन्यात तिथली. आता याचं वाईट वाटून घ्यायचं मी सोडलंय."

सासूबाई ऐंशीच्या झाल्या. दहापैकी सहा शब्द येतात, शांत खोलीत सात. उरलेले त्या स्वतः भरतात, आणि काय भरतात त्यावरून घरात रोज एक तरी भांडण होतं. मागच्या आठवड्यात शेजारीण विचारत होती, तुमची लेक कायमची आली की परत जाणार. सासूबाईंना प्रश्न नीट कळला होता, मी त्यांचा चेहरा बघत होते. त्या म्हणाल्या, "तिचं तिला विचार. आत आहे ती, दार वाजवून जा, नाहीतर ओरडते."